सूंस आणि सुसर

सातवीण फुलली की मला गंगा आठवते. खरं तर त्या दोघींचा काही संबंध नाही. गढमुक्तेश्वरच्या घाटावर सातवीण नव्हती, निदान मला तरी दिसली नाही. पण त्या वर्षी आम्ही ज्या सकाळी निघालो, त्या सकाळी दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरसमोरचं झाड असं काही फुललं होतं, की तो वास माझ्या शालीत बसला आणि जीपमधून थेट गंगेपर्यंत आला. तेव्हापासून माझ्या डोक्यात दोन्ही एकत्रच राहतात.

आता आम्ही दिल्लीतल्याच द्वारकेत आहोत. सोसायटीच्या फाटकाशी सातवीण आहे. दिवाळीच्या आगेमागे संध्याकाळी तिचा वास सुटतो. गार्ड म्हणतो, "मैडम, इससे सिर भारी हो जाता है." ह्यांनाही तो सोसत नाही, खोकला येतो. आणि या दिवसांत दिल्लीची हवा अशी, की खिडक्या लावून बसणंच बरं. तरी मी थोडा वेळ बाल्कनीत जाऊन उभी राहते. हे आतून विचारतात, "काय बघतेस त्या धुरात?" मी म्हणते, "कपडे वाळले का बघते."

काय बघते ते सांगायला मला जमत नाही. चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की माझा घसा कोरडा पडतो, आणि घरातल्या एका माणसापुढेही पुष्कळदा तसंच होतं. लिहिताना समोर कोणी नसतं. चौथीपर्यंतची अक्षरं आहेत, ती पुरतात.

दिल्लीत सातविणीला सातवीण कोणी म्हणत नाही, सप्तपर्णी म्हणतात. माझी मुलगी मंजिरी लहान असताना मी एकदा म्हटलं, "बघ, सातवीण फुलली." ती म्हणाली, "सात काय विणायचं?" तिची तरी काय चूक? थंडी सुरू झाली की आमच्या ब्लॉकमधल्या बायका उन्हात चटया टाकून विणत बसायच्या. तिच्यापुरतं विणणं तेवढंच. इथे वाढलेल्या मुलांचं असं होतं. घरात मराठी बोलतात, पण रोज लागतात तेवढेच शब्द त्यांच्यापाशी राहतात. क्वार्टरला परस नव्हतं, मग परस हा शब्द कशाला राहील? मी त्याचं कधी फार वाईट वाटून घेतलं नाही. पण एकदा अशाच एका हरवलेल्या शब्दाने आमच्या घरात गोंधळ घातला. त्या गोंधळाचे उपकार मी आजही मानते.

मंजिरी तेव्हा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होती. दिवाळी झाली होती, फराळाचे डबे अजून अर्धे भरलेले होते. ती चकली खात खात स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "आई, मला गंगेवर जायचंय. डॉल्फिन मोजायला."

"गंगेत कुठला डॉल्फिन? तो समुद्रात असतो ना? चेंडूशी खेळतो तो?"

"गंगेत पण असतो गं. वेगळा असतो. शर्मिष्ठा मॅडम शिकवणारेत. नावेत कसं बसायचं, कुठे बघायचं, मोजायचं कसं. आणि ज्याला चांगलं जमेल त्याला पुढे समुद्रावर नेणार. तिथे खरं ट्रेनिंग, खूप महिन्यांचं. एकालाच, आई. प्लीज ना."

जेवताना तिने ह्यांनाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी हे ऑफिसातून आले आणि बूट काढता काढता म्हणाले, "आज पांडेला विचारलं. तो बलियाचा, गंगाकाठचाच आहे. म्हणाला, अरे वो तो सूंस है जी, हमारे यहाँ बहुत होती है." मग माझ्याकडे बघून मला समजावं म्हणून म्हणाले, "सूंस. म्हणजे आपली सुसर गं."

हे पुण्यात पेठेत वाढलेले. त्यांनी सुसर पाहिली असेल तर पुस्तकात. मी कृष्णाकाठची. माझे हात पोळपाटावर होते तिथेच राहिले.

"मंजे," मी विचारलं, "सुसर मोजायला चाललीस होय तू?"

तिचा चेहरा असा उजळला, की मला अजून दिसतो. "सुसर म्हणतात मराठीत? सूंस, सुसर! किती क्यूट! हो आई, सुसरच."

"आणि त्याच पाण्यात लोक आंघोळी करतात?"

"करतात की. ती काही करत नाही गं कोणाला. लाजाळू असते एकदम. तुझ्यासारखी."

मी पुन्हा पोळी लाटायला घेतली. माझ्या मनाने घेतलं, की पोरीने इंग्रजी नावाखाली सुसर झाकून आणली. डॉल्फिन म्हटलं की आई भुलेल असं तिला वाटलं. आणि ती बिचारी मनातून खूश, की आईला या प्राण्याचं मराठी नाव माहीत आहे. आम्ही दोघी एकच शब्द बोलत होतो आणि दोघींच्या डोळ्यांसमोर वेगवेगळी जनावरं होती.

आमच्या गावात शाळा चौथीपर्यंत होती. पाचवीला नदीपलीकडे जावं लागे, नावेतून. मी चौथी पास झाले त्या उन्हाळ्यात पाणोठ्यावर पाणी प्यायला गेलेलं आमच्या भावकीतलं रेडकू सुसरीने ओढून नेलं. आप्पा, माझे वडील, तिथेच बैल धूत होते. त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं. संध्याकाळी आईला एवढंच म्हणाले, "पोरीला नावेनं पाठवायची नाही."

माझा भाऊ मात्र त्याच नावेने जात राहिला. पाचवीला गेला, सातवीला गेला, मॅट्रिक झाला. त्या नदीतल्या सुसरी मुलग्यांच्या कधी आड आल्या नाहीत. हे मी तेव्हा मनातही म्हटलं नव्हतं. मला वाटायचं, सुसर आहे म्हणजे आहे, त्याला कोण काय करणार? नाव समोरून जायची, मुलं दप्तरं डोक्यावर धरून बसलेली दिसायची, आणि मी काठावर धुणं आपटत असायची.

आर. के. पुरमच्या स्वयंपाकघरात मंजिरी "प्लीज ना" म्हणत उभी होती आणि माझ्या तोंडात आप्पांचं वाक्य तयार होतं. फक्त ते बाहेर पडत नव्हतं.

शेवटी ह्यांनी तोडगा काढला. एखादी अवघड फाइल दुसऱ्याच्या टेबलावर सरकवावी तशी त्यांनी ती गोष्ट माझ्याकडे सरकवली. म्हणाले, "मी नाही म्हटलं तर ती जन्मभर मला बोलेल. तू जा तिच्याबरोबर गंगेवर. बघून ये काय ते. मग समुद्राचं तू ठरव. तू म्हणशील ते."

"मी?" मी म्हटलं.

"तूच. आई आहेस ना तिची?"

मंजिरी कपाळाला हात लावून बसली. "बाबा, ट्रेनिंगला आईला घेऊन कोण जातं यार! सगळे हसतील." पण मॅडम फोनवर म्हणाल्या, "ज़रूर लाइए, नाव में जगह है." मग तिचा नाइलाज झाला. मी चिवडा आणि बेसनाचे लाडू बांधून घेतले. मनात मात्र मी ठरवूनच निघाले होते. बघायचं, परत यायचं आणि नाही म्हणायचं.

हापूड मागे पडल्यावर रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या लागल्या. शेतांमधून धूर निघत होता आणि त्याला गुळाचा वास होता. मी जीपच्या मागच्या बाकावर ताठ बसले होते ती त्या वासाने जराशी सैल झाले. गुऱ्हाळाचा वास सगळीकडे सारखाच असतो. इथे कोल्हू म्हणतात. कार्तिकी पौर्णिमेची जत्रा जवळ आली होती. बैलगाड्या गंगेकडे निघाल्या होत्या, गाड्यांत बायका-पोरं, गवताचे भारे, उलट्या टाकलेल्या खाटा. मला वाटलं, एवढी माणसं सुसरींच्या नदीत बुडी मारायला चालली आहेत आणि कोणाच्याच तोंडावर भीती कशी नाही?

धर्मशाळेत सामान टाकलं आणि आम्ही घाटावर गेलो. गंगा पाहून पहिल्यांदा वाटलं ते हे, की ती फार संथ आहे. पावसाळ्याचं पाणी उतरलं होतं, मध्ये रेतीची बेटं उघडी पडली होती. नाववाल्याचं नाव रामफल होतं. त्याने माझा हात धरून मला नावेत घेतलं. मी काठाला घट्ट धरून बसले, ते बघून म्हणाला, "बहनजी, डरो मत. ये नाव हमारी अम्मा जैसी है. हिलाती बहुत है, गिराती नहीं."

शर्मिष्ठा मॅडम बंगाली होत्या. उंच, उन्हाने रापलेल्या, डोक्याला सुती गमछा बांधलेला. आवाज हळू, पण सगळे ऐकत. त्यांनी मुलांना कामाची रीत सांगितली. नावेत पुढे दोघं बसायची, मागे दोघं. पुढच्यांना सूंस दिसली तर त्यांनी आपल्या वहीत टिपायचं, पण मागच्यांना सांगायचं नाही. बोट दाखवायचं नाही, "अरे" सुद्धा म्हणायचं नाही. मागच्यांनी आपलं आपण बघायचं. म्हणजे मग संध्याकाळी दोन्हीकडचं ताडून पाहता येतं, की नजरेतून सुटतात किती.

"तो पहला सबक," मॅडम म्हणाल्या, "जिसको दिखे, वो चुप."

मुलं हसली. त्यांच्या वयाला हे अवघड होतं. मी मात्र मनात चकित झाले. गप्प बसणं हे शिकवायचं काम असू शकतं, असं मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. "हिच्या तोंडात मूग आहेत का?" असं सासरी पहिल्या वर्षी सगळे म्हणायचे. इथे पदवी घेणारी मुलं तेच शिकायला आली होती.

आणि तो धडा पहिल्यांदा मोडला तो मीच.

नाव रेतीच्या बेटाला वळसा घालत होती. माझ्या बाजूला पाणी फुटलं आणि त्यातून एक लांब, चिमट्यासारखी चोच वर आली. कडेने दात. दात मी स्पष्ट पाहिले. मागे राखाडी पाठ चकाकली आणि सगळं पुन्हा पाण्यात गेलं.

"सुसर!" मी ओरडले. "सुसर! सुसर!"

"हाँ हाँ, सूंस!" रामफल आनंदाने ओरडला. "वाह बहनजी! सबसे पहले आपने ही देखी!"

सगळी नाव हसू लागली, एक मुलगा म्हणाला, "आंटीजी, साइलेंस!" आणि मी वेड्यासारखी मंजिरीचा कुर्ता धरून तिला आत ओढत होते.

"आत सर, ओढील ती तुला!"

"कोण ओढील?"

"सुसर! दात नाही बघितलेस?"

तेवढ्यात घाटाच्या बाजूला माझं लक्ष गेलं. एक बाई कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून कडेवरच्या लेकराला बुडी घालत होती. मी अंगातलं सगळं बळ एकवटून मराठीत ओरडले, "ए बाई! वर ये! लेकराला घेऊन वर ये!" त्या बाईने आमच्याकडे बघितलं, हसली आणि लेकराचा हात धरून मला हलवून दाखवला. तिला वाटलं, मी तिला नमस्कार केला.

मंजिरी माझ्याकडे बघतच राहिली. जन्मात तिने माझा असा आवाज ऐकला नव्हता. "आई," ती हळूच म्हणाली, "सुसर म्हणजे काय?"

"सुसर म्हणजे सुसर! काल रेडकू ओढून नेलं ती!"

"काल?"

माझ्या तोंडून 'काल' गेलं होतं.

"आई, तू मगर म्हणतेस का?"

"मगर म्हण नाहीतर सुसर म्हण."

"आई!" तिने माझे दोन्ही हात धरले. तिला हसूही येत होतं आणि रडूही. "ही मगर नाही गं. मगर अंडी घालते. ही दूध पाजते. हिला पिल्लू होतं आणि ही त्याला दूध पाजते. मासासुद्धा नाही ही. आपल्यासारखी आहे, वर येऊन श्वास घेते. तू घरी म्हणालीस सुसर, मला वाटलं हिलाच म्हणतात."

मॅडमनी काय झालं ते विचारलं, मंजिरीने सांगितलं. रामफल इतका हसला, की त्याच्या हातातलं वल्हं सुटता सुटता राहिलं. "बहनजी, आपने तो हमारी गंगाजी की गाय को कसाई बना दिया!" मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, तुम्ही चुकला नाहीत. जुना संस्कृत शब्द आहे, शिशुमार. तो इकडे गंगेवर सूंस झाला. आमच्या बंगालात शुशुक झाला. तुमच्याकडे जाता जाता तो सुसर झाला आणि दुसऱ्याच जनावराला जाऊन चिकटला.

मला ते लगेच पटलं. एका आईच्या तीन लेकी तीन मुलखांत दिल्या. तिसरी इतकी लांब गेली, की माहेरच्या माणसांनीच तिला ओळखलं नाही.

नंतरचे दिवस मी नावेत रोज जाऊन बसले. मोजणीत मी नव्हतेच, त्यामुळे मला बघायला मोकळीक होती. सूंस दिसते ती पापणी लवेपर्यंत. आधी कधी कधी आवाज येतो, सूं करून, नाकातून जोरात श्वास सोडल्यासारखा. म्हणूनच तिचं असं नाव पडलं, असं रामफलचं म्हणणं. मॅडमचा शिशुमार त्याला मान्य नव्हता. "किताब में कुछ भी हो मैडम, नाम तो उसने खुद बताया है," तो म्हणे. दोघं त्यावरून रोज भांडत आणि भांडून झाल्यावर मुलं माझा चिवडा काढत.

मॅडमनी सांगितलं, की तिला जवळजवळ दिसत नाही. गंगेचं पाणी एवढं गढूळ, डोळे असून करणार काय? ती आवाज करते आणि तो कशाकशावर आपटून परत येतो त्यावरून ओळखते, पुढे मासा आहे, काठ आहे की जाळं. जाळ्याचा बारीक दोरा मात्र तिला कळत नाही. त्यात अडकली की वर येता येत नाही आणि श्वासावाचून मरते. मुलं हे वहीत लिहून घेत होती. मंजिरीचा हात मध्येच थांबला, तेव्हा मला पहिल्यांदा उमगलं, की ही नुसती सहलीला आलेली नाही.

मी तिच्याकडे बघू लागले. घरी एका जागी न बसणारी ही पोर इथे ऊन डोक्यावर घेऊन, ओठ मिटून, पाण्यावरून नजर न काढता बसत होती. घरी सांडलेलं दूध पुसायला तिला तीनदा सांगावं लागे. इथे कोणी सांगायच्या आत ती दुर्बिणीची काच पुसून ठेवत होती. जिला आपण जन्म दिला तिला आपण किती कमी पाहिलेलं असतं!

एक दुपार मी कधीच कोणाला सांगितली नाही. वारा पडला होता, पाणी तुपासारखं झालं होतं. पुढची मुलं पुढे बघत होती, मागची मागे. माझ्या बाजूला, अगदी जवळ, एक सूंस वर आली आणि तिच्या कुशीला लागून एक लहानशी, गडद रंगाची. पिल्लू. त्याला धड बुडी मारता येत नव्हती. ते डोकं जास्तच वर काढी आणि थपकन पाण्यावर आपटे. पुन्हा दोघं बरोबर वर आली. तिसऱ्या वेळी पिल्लू एकटंच वर आलं, बरंच पुढे. आई कुठे? मग ती त्याच्या मागून वर आली. पुढून नव्हे, मागून. तिला ते दिसत नव्हतं, पण ते कुठे आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने त्याला परत वळवलं नाही. त्याच्या मागे तीही खोल पाण्याकडे गेली.

मी तोंड मिटून बसले होते. जिसको दिखे, वो चुप. संध्याकाळी मुलांनी पुढच्या-मागच्यांचं ताडून पाहिलं. ती जोडी कोणालाच दिसली नव्हती. मला कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. ती दोघं कुठल्या मोजणीत नाहीत, माझ्याजवळ आहेत.

सुसर नाही हे कळल्यावर माझी भीती पळाली, असं मात्र झालं नाही. आधी मला तसं वाटलं होतं. पण घाटाच्या पायरीवर बसून मंजिरीचे मोजे धुताना माझ्या लक्षात आलं, की मी मनात त्या भीतीला नवीन नावं शोधत होते. समुद्र आहे, तिथे वादळ येईल. परमुलूख आहे, भाषा येत नाही. नावेत सगळे पुरुष असतील. लग्नाचं वय होईल. सुसर गेली तर तिच्या जागी बसायला पुष्कळ जण तयार होते. मला आप्पा आठवले. त्यांचा मला राग आला नाही, आजही येत नाही. त्यांनी तर रेडकू ओढलेलं डोळ्यांनी पाहिलं होतं. मी नुसता एक शब्द ऐकला होता, तोही चुकीचा, आणि तेवढ्यावर माझ्या लेकीची नाव काठाला बांधून ठेवायला निघाले होते.

परवा मंजिरीचा फोन आला होता. ती दक्षिणेकडे एका किनाऱ्यावर असते, समुद्रगाईंचं काम करते. समुद्राच्या तळाचं गवत खाणारी, सावकाश चालीची ती जनावरं. आता ती स्वतः मुलांना शिकवते. म्हणाली, "आई, या बॅचमध्ये एक मुलगी आहे, तिचे वडील आलेत बरोबर. दोन दिवस नुसते किनाऱ्यावर बसलेत, जेवत पण नाहीत नीट."

"मग?"

"मग काय, बोटीत बसवलं त्यांना. मी म्हटलं, सर, जागा आहे."

मी फोन ठेवला आणि बाल्कनीत गेले. शर्मिष्ठा मॅडम आता नाहीत. त्या दिवशी फोनवर त्या सहज "नको, घरच्या माणसांना आणू नका" म्हणू शकल्या असत्या. तसं म्हणणंच रीतीला धरून होतं. त्या म्हणाल्या नाहीत. आपल्या आयुष्यातली केवढी तरी गोष्ट दुसऱ्याच्या अशा एका साध्या वाक्यावर उभी असते आणि त्या माणसाला ते कधी कळतही नाही. मी त्यांना पत्र लिहायचं ठरवलं होतं. लिहिता आलं असतं, पण धीर झाला नाही.

गंगेवरच्या शेवटच्या दिवशी नाव काठाला लागली, सामान उतरलं. रामफल नावेतलं पाणी डब्याने उपसत होता. मॅडमनी मंजिरीला आणि मला बाजूला बोलावलं. समुद्रावर नेण्यासाठी त्यांनी तिलाच निवडलं होतं. दुसऱ्या मुलांना ते आधीच कळलं असावं, कारण ती लांब उभी राहून आमच्याकडे बघत होती. मॅडम मला म्हणाल्या, "ये तो आज ही हाँ बोल देगी. मुझे आपसे सुनना है."

मंजिरीला माझ्या न बोलण्याची सवय. ती घाईने म्हणाली, "मैम, आई को थोड़ा टाइम दीजिए, वो घर जाकर बाबा से..."

"थांब," मी म्हटलं. "मी बोलते."

हिंदी माझ्या तोंडाशी येत होती आणि परत जात होती. भाजीवाल्याशी, दूधवाल्याशी बोलायची तेवढीच माझी हिंदी. त्यात हे वाक्य नव्हतं. शेवटी मी मराठीतच म्हणाले, "मी पाठवते हिला. तुम्ही घेऊन जा."

मॅडमनी मंजिरीकडे पाहिलं, की आई काय म्हणाली ते सांग. मंजिरीने तोंड ओढणीत लपवलं होतं. तेव्हा रामफलने डबा खाली ठेवला आणि नावेतूनच म्हणाला, "कह रही हैं, मैं भेजती हूँ. ले जाइए."

बाजारात एक पीसीओ होता. मंजिरीने ह्यांच्या ऑफिसचा नंबर लावून दिला आणि ती बाहेर जाऊन उभी राहिली. त्याआधी मी ह्यांना फोन केला होता तो विचारायला, नेहमी विचारायलाच. गॅस आणू का, पाहुण्यांना थांबवू का, डॉक्टरकडे जाऊ का.

"झालं का बघून?" ते म्हणाले. "आता घरी आलात की बसून नीट विचार करू."

"मी मॅडमना हो म्हणून सांगितलं."

तिकडे कोणीतरी टाइप करत होतं, तेवढाच आवाज येत राहिला.

"सांगितलंस? म्हणजे, सांगूनच टाकलंस?"

"तुम्हीच म्हणाला होतात, तू ठरव."

"म्हणालो होतो गं," ते म्हणाले. "पण तू खरंच ठरवशील असं कुठे वाटलं होतं मला?"

आणि मग ते हसायला लागले. ऑफिसात, टेबलाशी बसून, चार लोकांसमोर ते असे मोठ्याने हसतील असं मला कधी वाटलं नव्हतं. मलाही हसू आलं. मी काही बोलत नाही आणि फोनही ठेवत नाही, हे बघून पीसीओवाल्याने काचेवर टकटक केलं. "बहनजी, मीटर चल रहा है."

"चलने दो," मी म्हणाले.